थुटापासून न्यायालयापर्यंत: सरकारी जंगलातील चोरटी तोड आणि कायद्याची अंमलबजावणी

पूर्व विदर्भातील एका वाचकाने विचारले आहे: "आमचे गाव राखीव वनाला लागून आहे. रात्री सागाची तोड होते आणि पहाटेपूर्वी गाडी भरून जाते. वनरक्षकाने काही वेळा माल पकडला, पण आरोपी दंड भरून सुटले. एक प्रकरण न्यायालयात गेले, त्यात सगळे निर्दोष ठरले आणि गाडीही मालकाला परत मिळाली. वनखात्याला नेमके अधिकार तरी किती आहेत? खटले का टिकत नाहीत? आणि आम्ही गावकऱ्यांनी काय करायचे?"

विदर्भातील वनपरिक्षेत्रांत नोकरीची बहुतेक वर्षे काढल्यानंतर आणि निवृत्तीनंतर वनगुन्ह्यांची प्रकरणे न्यायालयासाठी तयार करण्याच्या कामात साह्य केल्यानंतर माझे जे मत बनले आहे, ते आधीच सांगतो. कायद्याने दिलेले अधिकार कमी नाहीत. न्यायालये आरोपींना उगाच सोडतात, हेही खरे नाही. वनगुन्ह्याचा खटला तोडलेल्या झाडाच्या थुटाजवळ, पहिल्या काही तासांत उभा राहतो किंवा तिथेच पडतो. पुढे न्यायालयात जे दिसते तो बहुतेक वेळा त्या पहिल्या तासांचाच परिणाम असतो.

अधिकारांचे थोडक्यात पाहू. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम २६ राखीव वनात झाड तोडणे, जमीन मोडणे, आग लावणे, परवानगीशिवाय गुरे चारणे अशा कृत्यांना गुन्हा ठरवते. कलम ५२ खाली वनअधिकारी किंवा पोलीस अधिकारी चोरटा वनोपज आणि त्यासोबतची हत्यारे, गाडी, बैल जप्त करू शकतो. एक महिना किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा असलेल्या वनगुन्ह्यात सहभाग असल्याचा वाजवी संशय असेल, तर कलम ६४ प्रमाणे वॉरंटाशिवाय अटक करता येते. मात्र अटक केलेल्या माणसाला विनाकारण विलंब न लावता दंडाधिकाऱ्यापुढे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावे लागते. कलम ७२ खाली शासनाने ज्यांना अधिकार दिले आहेत असे वनअधिकारी साक्षीदारांना बोलावू शकतात, झडतीचे वॉरंट काढू शकतात, चौकशी करून जबाब नोंदवू शकतात. कलम ६९ तर सरळ सरकारच्या बाजूचे आहे: वनोपज कोणाच्या मालकीचा असा प्रश्न निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच मानायचा. लाकूड चोरीच्या तपासात पोलिसांना इतकी अनुकूल तरतूद सहसा मिळत नाही.

मग खटला पडतो कुठे, हे समजण्यासाठी थुटाजवळ नीट थांबावे लागेल.

नियतक्षेत्रात, म्हणजे आपण ज्याला बीट म्हणतो तिथे, फिरताना वनरक्षकाला ताजे थूट दिसते. त्याने पहिल्यांदा त्याचा घेर आणि उंची मोजायची, झाड कुऱ्हाडीने पाडले की करवतीने हे पाहायचे, आजूबाजूला ढलप्या किंवा भुसा पडला आहे का ते टिपायचे, कक्ष (म्हणजे क्रमांक दिलेला जंगलाचा तुकडा) क्रमांक आणि जीपीएसचे अक्षांश-रेखांश लिहायचे, थुटावर खात्याच्या खुणेच्या हातोड्याचा ठसा मारायचा आणि तिथेच पंचांसमक्ष पंचनामा करायचा. प्राथमिक गुन्हा अहवाल, ज्याला खात्यात सगळे पीओआर म्हणतात, तो त्याच दिवशी नोंदवला गेला पाहिजे आणि त्याची प्रत वनपालामार्फत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. पुढे नाक्यावर किंवा एखाद्या वाड्यात माल सापडतो, तेव्हा प्रत्येक ओंडक्याची लांबी आणि मध्यघेर मोजून घनमीटर काढायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि ठसा मारायचा.

इथे जी पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते, ती म्हणजे थूट आणि ओंडका एकाच झाडाचे आहेत हे दाखवणे. हे शक्य असते. बुंध्याकडच्या ओंडक्याची कापलेली बाजू थुटाच्या माथ्याशी ताडून पाहता येते. करवत एका बाजूने चालवून शेवटी झाड कलले की मध्ये लाकडाचा एक फाटलेला पट्टा उरतो. त्याचा अर्धा भाग थुटावर असतो आणि अर्धा ओंडक्यावर, आणि दोन्हींचे उंचसखल भाग एकमेकांत बसतात. वाढीच्या वलयांची संख्या आणि रुंदी, गाभ्याचा आकार, बाहेरच्या फिकट लाकडाची जाडी, एखादी पोकळी किंवा जुनी जळल्याची खूण, सालीचा उरलेला तुकडा हे सगळे जुळते की नाही ते पाहता येते. थुटाची आणि ओंडक्याची एकेक चकती कापून, मोहोरबंद करून ठेवली आणि शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रे घेतली, तर वकिलाने कितीही उलटतपासणी केली तरी तो पुरावा हलत नाही. चकती घेतलीच नाही, तर "हे लाकूड या जंगलातले कशावरून?" या प्रश्नाला साक्षीदार वनरक्षकाकडे "मला माहीत आहे" एवढेच उत्तर उरते. गुन्हा सिद्ध करायला ते पुरत नाही. कलम ६९ मालकीचे अनुमान देते. तो माल याच आरोपीने, याच कक्षातून तोडला हे ते कलम सिद्ध करून देत नाही.

दुसरी त्रुटी इतकी साधी आहे की तिच्यामुळे आरोपी सुटलेला पाहून वाईट वाटते. गुन्ह्याची जागा राखीव वन आहे हे सरकार पक्षाला कागदाने सिद्ध करावे लागते. कलम २० ची राजपत्रित अधिसूचना आणि त्या कक्षाचा नकाशा अभिलेखावर दाखल नसेल, तर कलम २६ चा पायाच उरत नाही. वनखात्यातल्या माणसाला ते जंगल पिढ्यान्‌पिढ्यांचे राखीव वन आहे हे पाठ असते, म्हणून कागद लावायचे त्याच्या मनातच येत नाही. शिवाय महाराष्ट्रात सरकारी वनजमिनीचे प्रकार अनेक आहेत. काही क्षेत्रांची कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना निघाली, पण कलम २० ची अंतिम अधिसूचना निघालीच नाही; काही क्षेत्रे संरक्षित वने आहेत, तिथे कलम ३२ चे नियम आणि कलम ३३ लागते; काही जमिनी ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने संपादन अधिनियमाखाली शासनाकडे आल्या; आणि पूर्व विदर्भातील झुडपी जंगल महसूल आणि वन या दोन खात्यांच्या कागदांत अनेक दशके अडकून होते, ज्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ते वन मानले जावे असा निर्णय दिला. जमिनीचा प्रकार चुकला की कलम चुकते, आणि कलम चुकले की आरोपी सुटतो. हद्दीच्या खुणा जागेवर नसतील तर अडचण आणखी वाढते. त्या हलवणे किंवा पाडणे हा कलम ६३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, पण त्याची नोंद मी फार क्वचित पाहिली आहे.

जबाबांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वनअधिकारी हा सर्वसाधारणपणे पोलीस अधिकारी मानला जात नाही, त्यामुळे त्याच्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येऊ शकतो, आणि कलम ७२ खालच्या चौकशीत आरोपीच्या उपस्थितीत नोंदवलेली साक्षही पुढे न्यायालयात ग्राह्य धरता येते. ही मोठी मोकळीक आहे आणि तिच्यामुळेच तपास आळसावतो. कबुलीजबाब मिळाला की चकती नको, फोनची माहिती नको, खरेदीदाराचा शोध नको, असे वाटू लागते. पुढे आरोपी न्यायालयात कबुली नाकारतो, दबाव किंवा आमिष होते असे म्हणतो, आणि तिला दुजोरा देणारे दुसरे काहीच नसते. कबुली आधी घेतली असली तरी तपास ती नाही असे समजून करावा, असे मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगत आलो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण सांगितले आहे. ते पोलिसांसाठी आहे असे म्हणून वनखात्याने त्यातून अंग काढून घेऊ नये. मोबाइलवर चित्रण केले आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडले, की पंच उलटले तरी जप्ती उभी राहते.

आता दंड भरून सुटण्याविषयी. कलम ६८ खाली गुन्ह्यात तडजोड करता येते. ठरलेली रक्कम भरली की पुढील कारवाई थांबते आणि किंमत भरल्यावर मालही सोडता येतो. ही तरतूद वाईट नाही. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईला किंवा वाट चुकून चार शेळ्या रोपवनात गेलेल्या पोराला न्यायालयाच्या पायऱ्या चढायला लावण्यात कोणाचेच भले नाही, आणि मोळी हा निस्तार हक्काचा (घरगुती गरजेपुरते जंगलातून घेण्याच्या गावाच्या हक्काचा) भाग असेल तर तो गुन्हाही नाही. पण हीच तरतूद गाडीभर सागासाठी, त्याच टोळीसाठी, पुन्हा पुन्हा वापरली जाते तेव्हा दंड हा चोरीच्या धंद्याचा एक ठरलेला खर्च होऊन बसतो. आलापल्ली आणि बल्लारपूरच्या सागाला देशभर मागणी आहे. एका फेरीतून मिळणाऱ्या पैशापुढे तडजोडीची रक्कम नगण्य असते. तडजोड करण्यापूर्वी त्या आरोपीची मागील पाच वर्षांची गुन्हा नोंदवही पाहिली जाते का, हा प्रश्न तुम्ही लेखी विचारू शकता. अनेक वर्षे तडजोडीकडे केवळ प्रकरणे निकाली काढण्याचा मार्ग म्हणून पाहिले गेले, आणि माझ्या मते जंगलाचे सर्वाधिक नुकसान या सवयीने झाले आहे.

तडजोडही न करता आणि खटलाही न भरता प्रकरण पडून राहिले, तर मुदतीचा कायदा आड येतो. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्षापर्यंतची कैद आहे, त्याची तक्रार न्यायालयात एका वर्षाच्या आत दाखल करावी लागते; एक ते तीन वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला तीन वर्षे मिळतात. परिक्षेत्र कार्यालयाच्या कपाटात निजलेल्या कागदांपैकी बरेचसे याच कारणाने निरुपयोगी होतात.

गाडीच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राकडे खरोखर प्रभावी साधन आहे. राज्याने केलेल्या दुरुस्तीने कलम ६१-अ आणि त्यापुढील तरतुदी आल्या. त्यांनुसार सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा प्राधिकृत अधिकारी चोरटे लाकूड, चंदन, सरपण, कोळसा आणि ते वाहणारे वाहन सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतो, मग फौजदारी खटला भरलेला असो वा नसो. त्याआधी वाहनमालकाला कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. वाहन आपल्या नकळत वापरले गेले आणि आपण वाजवी खबरदारी घेतली होती, हे मालकाने दाखवले तर वाहन सुटते. नाहीतर ते सरकारजमा होते, आणि त्यावर सत्र न्यायाधीशांकडे अपील करता येते. मध्य प्रदेशातील अशाच तरतुदींविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उदय सिंह प्रकरणात स्पष्ट केले, की सरकारजमा करण्याची कारवाई सुरू होऊन तशी सूचना दंडाधिकाऱ्याला मिळाल्यावर त्याला ते वाहन अंतरिम ताब्यात देण्याचा अधिकार राहत नाही.

तुमच्या गावच्या प्रकरणात गाडी परत कशी गेली असेल याचा अंदाज मी बांधू शकतो. जप्तीनंतर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने प्राधिकृत अधिकाऱ्याकडे अहवाल वेळेत पाठवला नसेल, त्यामुळे दंडाधिकाऱ्याला कारवाई सुरू असल्याची सूचनाच गेली नसेल, आणि मालकाच्या अर्जावर सुपूर्तनाम्याने, म्हणजे बोलावल्यावर परत हजर करण्याच्या हमीवर, गाडी सुटली असेल. किंवा नोटीस चालकाला दिली गेली आणि नोंदणीकृत मालकाला दिलीच नाही, म्हणून अपिलात आदेश रद्द झाला असेल. या दोन्ही चुका टाळायला फार खर्च लागत नाही. टोळीला कैदेपेक्षा वाहन जाण्याची भीती जास्त असते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. गाडी गेली की तिचा मालक दुसऱ्यांदा त्या फेरीला गाडी देत नाही.

आणखी एक वाट नाक्यावर दिसते, जंगलात दिसत नाही. शेतातील स्वतःच्या मालकीची सागाची झाडे रीतसर परवानगी घेऊन तोडता येतात आणि वाहतूक परवान्यावर नेता येतात. याला सगळे मालकी प्रकरण म्हणतात. राखीव वनातला माल याच मालकीच्या मालात मिसळला की तो कागदोपत्री शुद्ध होतो. म्हणून नाक्यावर परवाना आहे का एवढे पाहून भागत नाही. परवान्यातील ओंडक्यांची संख्या, प्रत्येकाचे माप, हातोड्याचा ठसा, मार्ग आणि मुदतीची वेळ हे सगळे ताडून पाहावे लागते, आणि शंका आली तर सातबारावरच्या त्या शेतात जाऊन थुटे मोजावी लागतात. शेतात जितकी थुटे आहेत त्याहून जास्त बुंध्याचे ओंडके गाडीत असतील, तर उरलेले कुठून आले याचे उत्तर मालकाला द्यावे लागते. ही मोजणी अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि तिने जेवढे प्रकार उघड होतात तेवढे रात्रीच्या गस्तीने होत नाहीत.

सरकारी जंगल म्हणजे लोकांना बाहेर ठेवण्याची जागा, या समजुतीवर चालणारी अंमलबजावणी मात्र मला मान्य नाही, आणि आपल्या भागात तिचा इतिहासही चांगला नाही. १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला आणि त्याच वर्षी सांगलीकडे बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला. उरण तालुक्यातील चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे मेली. गवत, लाकूड आणि चराई यांवरच्या बंदीने लोक किती दुखावले होते ते त्यातून दिसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने यातला काही अन्याय दूर करण्याचा प्रयत्न केला. त्या कायद्याच्या कलम ४(५) नुसार वनहक्काच्या दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासी अनुसूचित जमातीला किंवा इतर पारंपरिक वननिवाशाला त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून काढता येत नाही. दावा फेटाळलेल्यांना हटवण्याचा १३ फेब्रुवारी २०१९ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच २८ फेब्रुवारीला स्थगित केला. त्यामुळे अतिक्रमण काढण्याआधी अधिकाऱ्याने दाव्याची स्थिती तपासलीच पाहिजे. याउलट १३ डिसेंबर २००५ नंतर यंत्राने झाडे साफ करून घेतलेल्या जमिनीला हा कायदा कोणतेही संरक्षण देत नाही, आणि महाराष्ट्राच्या दुरुस्तीने कलम २६ मध्ये आलेल्या पोटकलम (१-अ) खाली अशा अतिक्रमकाला राखीव वनातून बाहेर काढण्याचे अधिकार वनअधिकाऱ्याला आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या आदेशातही अतिक्रमण हटवणे आणि पात्र कुटुंबांचे पुनर्वसन या दोन्ही गोष्टी बरोबर होत्या.

हक्क मान्य झाले की राखण सोपी होते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, आणि आपल्या जंगलातून कोण काय नेतो यावर गावाचेच लक्ष राहिले. वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार देते. तुमच्या गावाने सामूहिक हक्काचा दावा केला नसेल, तर तो करणे हा तोड थांबवण्याचाच एक मार्ग आहे.

वनरक्षकाची बाजूही लक्षात घ्या. एक माणूस, बहुतेक वेळा काठी हातात घेऊन, हजार हेक्टरांच्या आसपास किंवा त्याहून मोठे नियतक्षेत्र राखतो. कुऱ्हाडी घेतलेल्या दहाजणांना रात्री एकट्याने अडवावे अशी अपेक्षा कोणीही धरू नये. व्याघ्र प्रकल्पांत विशेष व्याघ्र संरक्षण दल, संरक्षण कुट्या आणि गस्तीची नोंद ठेवणारी प्रणाली आहे. तुमच्यासारख्या प्रादेशिक वनात यातले फारसे नसते. वनरक्षकावर हल्ला झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली पोलिसांत स्वतंत्र गुन्हा त्याच रात्री नोंदला गेला पाहिजे. वनगुन्ह्याच्या कागदात ती घटना एका ओळीत उरकू नये.

गावकऱ्यांनी गाडीचा पाठलाग करू नये आणि ओंडके हलवूही नयेत, कारण ओंडका जागेवरून हलला की पंचनाम्याचे अर्धे मोल जाते. गाडीचा क्रमांक, वेळ, दिशा आणि शक्य असेल तर कक्ष क्रमांक टिपून १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर कळवा आणि त्याच वेळी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला संदेश पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहील. नंतर माहितीच्या अधिकारात पीओआरचा क्रमांक व दिनांक, जप्त मालाचे घनमीटर, कलम ६१-अ खालच्या कार्यवाहीची स्थिती आणि तडजोड झाली असल्यास ती कोणी व का मंजूर केली, एवढेच विचारा. मोघम प्रश्नांना मोघम उत्तरे मिळतात.

पंच म्हणून बोलावले तर जा, आणि पंचनामा वाचून, मापे स्वतः पाहून मगच सही करा. खटला उभा राहीपर्यंत वर्षे जातात. तोवर आरोपीचे नातेवाईक तुमच्या घरी येऊन जातात, साक्ष देऊ नका म्हणून विनवतात. अनेक प्रकरणांत पंच न्यायालयात "सही माझी आहे, पण मी काही पाहिले नाही" असे सांगतात आणि तिथे सगळे संपते. तुमच्या ग्रामसभेने एक करावे: पंचांची नावे आणि पंचनाम्याची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी, समन्स आले की त्या माणसासोबत गावातले दोघे तालुक्याला जावेत, आणि साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलाकडे त्याला पंचनामा पुन्हा वाचायला मिळेल असे पाहावे.